जांभ्यावरचे खूर

पहिला नाल गेला तो जुलैमध्ये, कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पाटाच्या चिखलात. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. पोफळींमधून घोडीला तबेल्याकडे आणताना तिचा पुढचा उजवा पाय रुतला, आणि तो वर निघायच्या आतच मागचा पाय येऊन त्याचे टोक पुढच्या नालाच्या टाचेवर पडले. तिने हिसका देऊन पाय सोडवून घेतला. नाल खालीच राहिला. दुसऱ्या दिवशी कुदळीने उकरून तो काढला, तेव्हा त्याच्या तीन खिळ्यांना खुराचा दोन बोटे रुंद टवका तसाच चिकटलेला होता. खुराच्या त्या बाहेरच्या भागात नस नसते, त्यामुळे तो तुटताना तिला दुखले नसणार हे मला ठाऊक होते. पण खिळ्याने जिला धरायचे तीच भिंत गेली होती, आणि तिथे नवी भिंत खाली यायला कित्येक महिने लागणार होते.

आमचे घर साखळीपासून थोडे आत, वाळवंटी नदीच्या बाजूला आहे. घरामागे कुळागर, आणि कुळागर चढून वर गेले की जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार. घोडी पुण्याहून आली, शर्यतींतून निवृत्त झालेली, रंगाने कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, मागचा डावा पाय तेवढा घोट्यापर्यंत पांढरा. मुलीने तिचे नाव अबोली ठेवले. पुढे मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली आणि अबोली माझ्याकडे राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शर्यतीच्या घोड्याला शिकवायला घेतात तेव्हाच, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, पायाला नाल लागतात, तेव्हा वाढत्या वयापासूनचे तिचे सगळे आयुष्य धातूवर उभे राहण्यात गेले होते. मीही तिच्या चारही पायांतले नाल गृहीतच धरले होते. गाईच्या गळ्यातल्या दाव्याकडे आपण जसे वेगळे पाहत नाही, तसेच त्या नालांकडे मी कधी वेगळे पाहिले नव्हते.

नालबंद चाचा बेळगावहून येतात. कोरड्या दिवसांत चोर्ला घाटाने ते सकाळी निघून जेवणाच्या आधी पोहोचतात. त्या आठवड्यात घाटात दरड आली होती आणि त्यांना यायला नऊ दिवस लागले. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत आलेल्या मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरच्या तमिळ मुलखाबद्दल लिहून ठेवले आहे, की अरबस्तानाकडून जहाजांनी घोडे आणणारे व्यापारी नालबंदांना मात्र इकडे येऊ देत नसत, कारण घोडे निगेवाचून मेले म्हणजे पुढच्या वर्षी नवे विकता येत. गोव्याचा तर सगळा मध्ययुगीन दबदबा घोड्यांच्या व्यापारावर उभा होता. बहमनी आणि विजयनगर यांच्यात हे बंदर हाती राहावे म्हणून जी झटापट चालली ती मुख्यतः घोड्यांसाठी, आणि १५१० नंतर पोर्तुगिजांनीही होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवरच्या जकातीवर आपली तिजोरी भरली. त्या जहाजांतून उतरलेल्या जनावरांचे पाय इथल्या पहिल्या पावसात कसे झाले असतील, हा विचार मला त्या नऊ दिवसांत वारंवार येत होता. ज्या मुलखात नालबंद हाकेच्या अंतरावर नाही, तिथे नाल ठोकायचा की नाही हा प्रश्न निम्मा तिथेच ठरलेला असतो.

चाचा आले. त्यांनी पाय गुडघ्यांत घेतला, सुरीच्या टोकाने जुनी खिळ्यांची भोके खरवडली आणि त्यांतून निघालेला करडा, ओला चुरा माझ्या तळहातावर ठेवला. "बघा बाई," ते म्हणाले, "खिळा धरंना झालाय. ठोकला तर चार दिसांत हाच तमाशा परत." मग बाकीचे तिन्ही पाय पाहिले आणि सर्वच नाल काढावेत असे सुचवले. मी विचारले, किती दिवसांसाठी? त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, चवथ होऊ दे, मग बघू.

त्यांनी त्या दिवशी जे दाखवले ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा आहे. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखाच्याच द्रव्याची, केराटिनची असते. वरच्या केसाळ कडेपासून ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर खाली सरकते, म्हणजे पुढच्या टोकाशी संपूर्ण नवा खूर जमिनीला टेकायला ९ ते १२ महिने जातात. भिंतीच्या आतल्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे ५५० ते ६०० पडदे असतात. ते आतल्या हाडावरच्या तशाच पडद्यांत गुंतलेले असतात, आणि साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर या गुंत्याला लटकून उभे असते. तळाशी भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेर बसला तर जनावराला काही कळत नाही. आत गेला तर तो जिवंत मांसात जातो आणि दोन दिवसांत पाय तापतो. तळव्याच्या मागच्या भागात रबरासारखी त्रिकोणी गादी असते, तिचे टोक पुढे असते. पाय जमिनीवर पडला की टाचा किंचित फाकतात, आतला मऊ भाग दबतो आणि रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला की खूर पूर्ववत होतो. लोखंड या फाकण्याला अटकाव करते, म्हणून जाणता नालबंद खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे सहसा खिळा मारत नाही. अबोलीच्या टाचा आवळलेल्या होत्या आणि तिची त्रिकोणी गादी सुकलेल्या आमसुलासारखी आक्रसली होती. इतकी वर्षे ती जमिनीला नीट टेकलीच नव्हती.

ते पाहिल्यावर मी अनवाणी पक्षाची झाले, आणि मनापासून झाले. घोडा अनवाणी ठेवावा असे मानणारे लोक जे सांगतात ते मला पटत गेले: खूर हा जिवंत अवयव आहे, त्याला जमिनीचा स्पर्श आणि भरपूर चाल मिळाली तर तो स्वतःला घडवतो, नालामुळे दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली या लहानपणीच्या कोड्याचे 'न फिरवल्याने' हे उत्तर मला तेव्हा नव्याने कळल्यासारखे वाटले. खिळ्याने ठोकायचा नाल सर्वत्र रूढ होण्याच्या कितीतरी शतके आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ग्रीक झेनोफोनने तबेल्याबाहेर गोल दगड पसरून घोड्याला त्यांवर उभे करायला सांगितले होते, म्हणजे खूर घट्ट होतात. तबेल्याच्या दारातली पाण्याची डोण जिथे आहे तिथे मी तशीच गोल खडी पसरून घेतली. पाणी पिताना दिवसातून दहा वेळा तिचे पाय त्या खडीवर पडत.

काढलेले नाल मागायला आळीतली दोन-तीन माणसे आली. उंबऱ्यावर ठोकायला काळ्या घोड्याचा नाल हवा असतो, आमची घोडी कुमैत, तरीही त्यांनी ते आदराने नेले. एक मी ठेवला, तो चिखलातला.

पावसाळा मात्र आपल्या मतांची पर्वा करत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ओला खूर मऊ होतो, कडा फाकतात, तळवा पातळ पडतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाय उचलला आणि वासानेच कळले: गादीच्या मधल्या खाचेत काळा, चिकट द्रव, आणि खाच इतकी खोल की कापसाची वात अर्धी आत गेली. ही खुराची सड हवा न लागणाऱ्या ओल्या जागेत वाढते. औषध शोधायला मला लांब जावे लागले नाही. कोळेरोग येऊ नये म्हणून पोफळींवर चुना आणि मोरचूद यांचे बोर्डो मिश्रण आम्ही दर पावसाळ्यात फवारतो, त्यामुळे मोरचूद घरात असतोच. पशुवैद्यांना विचारून, त्यांनी सांगितल्याइतका पातळ करून, मी रोज संध्याकाळी खाच धुऊन, कोरडी करून, त्यात भिजवलेली कापसाची वात बसवत असे. मोरचूद जास्त झाला तर जिवंत भाग जाळतो, म्हणून हात राखून काम करावे लागते. तबेल्यात जमीन उंच करून घेतली, लाकडाचा भुसा जाड पसरला, आणि दिवसातले काही तास तरी तिचे पाय पूर्ण कोरडे राहतील अशी व्यवस्था केली. पाच आठवड्यांनी खाच उथळ झाली. या पाच आठवड्यांत मी तिचे पाय जितके हाताळले तितके आधीच्या आठ महिन्यांत हाताळले नव्हते. नाल होते तेव्हा सहा आठवड्यांनी चाचा येतील आणि पाहतील या भरवशावर मी असे.

खाण्याकडेही लक्ष द्यावे लागले. पुण्याहून येताना तिची सवय गव्हाचा कोंडा, हरभरा आणि वर गूळ अशी होती. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असते, तो जास्त दिवस भरपूर दिला तर हाडे पोकळ होतात; आणि साखर-पिष्ट जास्त झाले तर वर सांगितलेले पडदेच सुजतात, भिंत हाडापासून सुटू लागते. कोंडा कमी केला, गूळ बंद केला, क्षार आणि रोज २० मिलिग्रॅम बायोटिन सुरू केले. बायोटिनचा परिणाम दिसायलाही खुराच्या वाढीइतकाच काळ जातो, त्यामुळे त्याचा गुण किती आणि बाकीच्या बदलांचा किती हे मी वेगळे सांगू शकत नाही.

ऑक्टोबर सरला, जमीन वाळली, आणि खुराच्या वरच्या कडेपासून एक नवी पट्टी उतरताना दिसू लागली. जुन्या भिंतीपेक्षा तिचा उतार सरळ होता. जांभा जमिनीतून काढताना हत्याराने सहज तासता येतो आणि वाऱ्याला लागला की कडक होतो, म्हणून तर आमच्याकडे त्याचे चिरे पाडून घरे बांधतात. खुराचेही तसेच होताना मी पाहत होते. चाचा दर पाच-सहा आठवड्यांनी येऊन कानस फिरवत, कडा गोल करत, आणि मागच्या पायांवर खूष असत. पांढऱ्या पायाचा खूर कच्चा असतो असे खूप जण मानतात, पण तिचा तो फिकट खूर बाकीच्यांइतकाच चांगला आला. पुढच्या पायांवर ते बोलत नसत. घोड्याच्या अंगाचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते, आणि तिच्या पुढच्या तळव्यांना अंगठ्याने जोर दिला तर ते किंचित दबत. हे त्यांनी मला दाखवले होते. मी पाहिले होते.

फेब्रुवारीत मी तिला सड्यावर नेऊ लागले. कुळागरातली वाट मऊ आणि अरुंद आहे, आणि रोज मोकळी चाल मिळायची तर सडाच हवा. पण पावसाने धुऊन निघालेल्या त्या पठारावर जांभ्याचे सुपारीएवढे खडे सुटे पडलेले असतात, काहींना धार असते. पहिल्याच दिवशी तिचे पाऊल आखूड पडले. ती वाटेच्या मधून चालेना, कडेच्या वाळक्या गवताचा पट्टा शोधून त्यावरून जाऊ लागली. मी मनाशी म्हटले, सवय होईल. दुसऱ्या आठवड्यात ती चढाच्या सुरुवातीला थांबू लागली आणि मी लगाम धरून पुढे चालले की येत असे. बाजूला उभे राहून पाहिले तर पुढचे खूर टाचेवर पडण्याऐवजी टोकावर पडत होते. निरोगी पाय टाच आधी टेकतो किंवा सपाट पडतो, हे मला तोवर चांगले माहीत झाले होते. तरीही मी तिसरा आठवडा जाऊ दिला. नालाशिवाय घोडा उत्तम राहतो असे मी सगळ्यांना सांगून बसले होते. ते खरे ठरायला हवे होते, आणि ते खरे ठरवण्याचे काम मी तिच्या पायांवर सोपवले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचांनी पुढचा उजवा तळवा तासला. सुरीच्या दोन पापुद्र्यांखाली टोकाजवळ जांभळट लाल डाग निघाला, चार आण्याच्या नाण्याएवढा. आतल्या हाडाच्या कडेखाली तळवा ठेचून रक्त साकळले होते, आणि ते काही आठवड्यांपूर्वीचे होते, कारण तळव्यातला डाग वाढीबरोबरच खाली येतो. डाव्या पायातही तसाच, थोडा लहान. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी पाय माझ्याकडे वळवून धरला आणि मी पाहीपर्यंत धरून ठेवला. त्या डागाची मला आजही लाज वाटते. ती आखूड चालत होती, कडेने चालत होती, थांबत होती. याहून स्पष्ट ती काय सांगणार होती?

त्या दिवशी पुढच्या दोन पायांना नाल लागले. मी दहा दिवस थांबले आणि तिला वर नेले. ती सड्याच्या मधून, कान पुढे करून चालली.

नालाला विरोध करणारे म्हणतील की मी धीर धरला नाही, आणखी वर्षभरात तळवा जाड झाला असता. कदाचित झालाही असता. सडा सोडून देणे हाही एक मार्ग होता, आणि मी त्याचा विचार केला. पण तिला मोकळे चालता येईल अशी लांब, सपाट जागा आमच्याकडे ती एकच आहे. रबरी बूटही आणून पाहिले. मापाचे असतील तर ते उत्तम काम करतात, मात्र आमच्या दमट उन्हात तिच्या टाचेची कातडी त्यांनी सोलवटली. भीमथडीच्या काटक तट्टावर जे साधेल ते पातळ तळव्याच्या शर्यतीच्या घोडीवर साधेलच असे नाही, आणि चिखलातल्या पायाला जे सोसते ते खड्यावरच्या पायाला सोसत नाही. झीज वाढीहून जास्त असेल तर नाल हवा, हा नालबंदांचा जुना हिशेब मला आता पुरेसा वाटतो. फक्त तो प्रत्येक पायासाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी वेगळा मांडावा लागतो.

'नाल' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ पायातली वहाण. पेशवाईच्या कागदांत 'नालबंदी' म्हणजे मोहिमेवर निघण्याआधी शिलेदाराला दिली जाणारी आगाऊ रक्कम. म्हणजे निघायचे ठरले की पायांची सोय आधी करायची. वहाण हा शब्द कळल्यापासून माझ्या मनातला गुंता थोडा सुटला आहे, कारण वहाण आपणही दारात काढून ठेवतो आणि वाट पाहून पायात घालतो.

आता दोन वर्षे आमचा क्रम असा आहे. मृग लागायच्या आधी चाचा येऊन पुढचे नाल काढतात. पावसाळाभर चारही पाय उघडे, रोज धुणे, कोरडे करणे, संध्याकाळी खाचा तपासणे. दिवाळीनंतर जमीन कडक झाली की पुढे दोन नाल, तेही टाचांकडे खिळे न मारता. मागचे पाय कायमचे अनवाणी. नवी भिंत पूर्ण उतरली आहे आणि ती त्रिकोणी गादी आता माझ्या तळहाताच्या निम्म्याएवढी रुंद आणि भरीव आहे. नाल असतानाही मी रोज पाय उचलून पाहते. ती सवय त्या ऑगस्टने लावली.

शिगम्यात आमच्या बाजूला घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधून माणसे नाचतात. त्या घोड्याला पाय नसतात, नाचणाऱ्याचे पाय तेच त्याचे पाय. यंदा ते पाहताना मी बराच वेळ फक्त पायांकडेच पाहत होते.

अंगणात चिऱ्यांची फरसबंदी आहे. चालताना घोड्याचा आधी मागचा आणि मग त्याच बाजूचा पुढचा पाय पडतो, त्यामुळे अबोलीची चाल आता दोन आवाजांची झाली आहे: थप, ठण, थप, ठण. स्वयंपाकघरात असले तरी ती कानावर पडते. परवा दिवेलागणीला गडी तिला आत आणत होता आणि एक थप किंचित उशिरा आला. चुलीवरचे उतरवून ठेवले, टॉर्च घेतला आणि बाहेर गेले. मागच्या डाव्या खुराच्या खाचेत सुपारीचे वाळके साल आडवे अडकले होते. ते बोटाने काढले, जागा दाबून पाहिली, गरम नव्हती, आणि तिला अंगणातून परत एकदा चालवायला सांगितले.